मध्यंतरानंतरच्या मलिकाभाभी

मलिकाभाभींना दिसत नाही, आणि ते कुणाला सांगायचं नाही अशी शपथ आपण पोटच्या पोरीच्या नावानं घेऊन बसलोय, ही गोष्ट संयोगिताच्या डोक्यातून काही केल्या जाईना. मेथी निवडताना ती गोष्ट तिथं असायची, दूध उतू जाताना तिथं असायची. अंबाबाईच्या देवळात हात जोडले, तर देवीनं काही विचारायच्या आत संयोगिता मनातल्या मनात म्हणायची, ते भाभींचं माझ्या लक्षात आहे.

काळजी तिला नवी नव्हती. लेक अनुजा कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर पन्हाळ्याला गेली, की पन्हाळ्याच्या रस्त्याचं एकेक वळण संयोगिता घरी बसून घ्यायची. नवरा विजयसिंह बिद्रीला कारखान्यावर नोकरीला. संध्याकाळी त्याच्या मोटरसायकलचा आवाज बोळाच्या तोंडाशी आला, की मगच ती कुकर लावायची. आधी लावला आणि माणूस आलाच नाही तर, असं तिला वाटायचं. त्यामुळे त्या घरात जेवण रोज उशिरा व्हायचं आणि नवरा रोज सुखरूप यायचा. बी.ए.ला तिचा मानसशास्त्र हा विषय होता. त्याचा उपयोग एवढाच झाला, की आपल्याला जे होतं त्याला काय म्हणतात हे तिला माहीत होतं.

पण त्या सगळ्या काळज्या घडेल-न-घडेल अशा होत्या. ही घडून बसली होती.

मलिकाभाभी मंगळवार पेठेत, संयोगिताच्या घराशेजारच्या बोळात ब्लाऊज शिवायच्या. साठी उलटलेली, अंगानं किरकोळ, आवाजानं भरभक्कम. पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत संसार. संसार म्हणजे आता त्या एकट्याच. त्यांचे यजमान करीमभाई एका जुन्या टॉकीजमध्ये डोअरकीपर होते. हातात बॅटरी घेऊन अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या, हे त्यांचं जन्मभराचं काम. ती टॉकीज बंद पडून बरीच वर्षं झाली. तिथं आता गाड्या लावतात.

करीमभाईंना घरचाच डबा लागायचा आणि तोही गरम. भाभी तो घेऊन बरोबर मध्यंतराला पोचायच्या. करीमभाई जेवायचे, भाभी दाराजवळच्या स्टुलावर बसायच्या, आणि रिकामा डबा घेऊन लगेच कशाला निघायचं म्हणून उरलेला पिक्चर बघायच्या. अशा रीतीनं त्यांनी शेकडो पिक्चर पाहिले. सगळे मध्यंतरानंतरचे. कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणाला का सोडलं, घर कशानं जळलं, यातलं त्यांना काही माहीत नसायचं. शेवट मात्र सगळ्या पिक्चरांचे पाठ.

"सुरुवात बघून काय करायचंय, वहिनी?" त्या संयोगिताला म्हणायच्या. "सुरुवात सगळ्यांची सारखीच की. माणूस घरातनं भायेर पडतंय. घरात बसून ऱ्हायलं तर पिक्चर कसला!"

करीमभाई गेले तेही टॉकीजमध्येच. स्टुलावर, भिंतीला टेकून, पिक्चर चालू असताना. भाभी शेजारीच होत्या. डुलकी लागली असेल म्हणून त्यांनी हाक मारली नाही. मग दिवे लागले, लोक उठले, आणि मग कळलं. "त्या पिक्चरचा शेवट तेवढा ध्यानात ऱ्हायला न्हाय," असं भाभी सांगायच्या. टीव्हीवर तो पिक्चर लागला की त्या उठून भांडी घासायला जायच्या.

त्यानंतर पिक्चर बंद होतील असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं उलटंच. मुलगा अझीम पुण्याला नोकरीला गेल्यावर भाभी दर शुक्रवारी पहिल्या खेळाला जाऊ लागल्या. आता तिकीट काढून, आणि सुरुवातीपासून. मध्यंतरापर्यंतचा भाग त्यांना लांबलेला वाटायचा.

शनिवारी त्यांच्या पुढच्या खोलीत बायका जमायच्या. ब्लाऊज घालून बघायचं निमित्त असायचं, खरं कारण वेगळं. बोळात रीतच पडली होती. कुणी तान्हं मूल घेऊन जाणार असायची, कुणाच्या सासऱ्यांना नुकताच झटका येऊन गेलेला असायचा, एखादीला नवऱ्याबरोबर भांडण मिटल्यानंतरचा पहिलाच पिक्चर बघायचा असायचा. मग "भाभी, शेवट काय?" असं विचारून घ्यायचं आणि मग जायचं. भाभी गोष्ट कधी सांगायच्या नाहीत. "गोष्ट तुम्ही बघा. शेवट मी सांगते. भ्या घेऊन पिक्चर बघू नये, अन्न अंगी लागत न्हाय."

संयोगिता या बायकांमध्ये सगळ्यांत पुढं. शेवट कळल्याशिवाय तिनं लग्नानंतर एकही पिक्चर पाहिला नव्हता. शेवट कळला, की ती पदर सैल सोडून, मस्त कणीस खात बघायची. विजयसिंह म्हणायचा, "तू पिक्चर बघतेस का उत्तरपत्रिका तपासतेस?"

इतके शेवट बघून भाभींची आयुष्याबद्दल काही मतं पक्की झाली होती. "पिक्चरात खोकणारं माणूस मरतंयच," त्या म्हणायच्या. "खऱ्यात ते खोकतंय नुस्तं. आमच्या बोळातले आकाराम बघा. मी लगीन होऊन आले तवापास्नं खोकाय लागलेत. त्यास्नी औषध देणारी बायको गेली, औषध लिहून देणारा डॉक्टर गेला. आकाराम मिसळ खाऊन येतात आणि आणखी जरा खोकतात. आणि आमचे हे? जन्मात खोकले न्हाईत."

पिक्चरमधल्या लोकांचा त्यांना रागही यायचा. रिक्षातून उतरतात आणि पैसे न देता चालू लागतात. रडत पळत जातात, पण दार कुणी ओढून घेत नाही. "आणि ती हिरॉईन बघितली काय? बापाकडं औषधाला पैसं न्हाईत, आणि हिच्या अंगात कटोरी ब्लाऊज, अस्तर लावलेला! आधी ब्लाऊज साधा शिवा, मग बापाचं बघू."

भाभी चुकायच्याही. समोरच्या घरात भाड्यानं एक मास्तर आले होते, त्यांना भाभींनी चेहऱ्यावरून खलनायक ठरवलं होतं. मिशीची ठेवण तशी होती. बोळातल्या बायका बरेच दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मास्तर भूगोल शिकवायचे. बदली होऊन जाईपर्यंत त्यांनी भूगोलाखेरीज कशातही लक्ष घातलं नाही. भाभींचं म्हणणं, बदली लवकर झाली म्हणून.

पण शेवट सांगण्यात त्या कधी चुकल्या नव्हत्या. तिथं चुकायला जागाच नव्हती. जे पडद्यावर दिसलं ते सांगायचं.

या पावसाळ्यानंतर एक मराठी पिक्चर लागला. एक म्हातारा घरातून निघून जातो आणि बायको त्याची वाट बघते, अशी काहीशी गोष्ट, एवढं पोस्टरवरून कळत होतं. संयोगिताच्या सासूबाईंना, चिमणाबाईंना, तो बघायचा होता. सासरे जाऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. संयोगिता शनिवारी भाभींकडे गेली.

"न्या बिनघोर," भाभी म्हणाल्या. "म्हातारा परत येतोय. शेवटाला ती दाराची कडी काढती, 'आलात?' म्हणती, पाय धुवाय पाणी घालती. आणि मग आत चालल्याली पावलं. ग्वाड शेवट हाय. रडू आलं तर सुखाचंच येईल."

रविवारी संयोगिता सासूबाईंना घेऊन गेली. दोन तास ती निवांत होती. म्हातारा सापडत नव्हता, म्हातारी झिजत होती, आजूबाजूच्या बायका नाक ओढत होत्या, आणि संयोगिता सासूबाईंच्या मांडीवर थोपटून सांगत होती, "येणार आहेत ते, आत्या. शेवटी येणार आहेत."

शेवटी म्हातारीनं कडी काढली. दार उघडलं. बाहेर कुणी नव्हतं. नुसता उंबरा, आणि पुढं मोकळं अंगण. म्हातारी त्या मोकळ्या अंगणाला म्हणाली, "आलात?" तांब्या वाकडा केला, उंबऱ्यावर पाणी ओतलं, आणि वळून आपल्याच पावलांनी आत गेली. पडदा काळा झाला.

संयोगिता ढसाढसा रडली. रडण्याची तयारीच करून आली नव्हती, त्यामुळे रुमालही नव्हता. चिमणाबाईंनी आपला पदर तिच्याकडे सरकवला आणि त्या म्हणाल्या, "बराबर दावलंय. मीबी घालते की पानी. तुमी समदी उठायच्या आत."

हे संयोगिताला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती भाभींकडे गेली ती भांडायलाच. भाभी मशीनवर होत्या. पाय चालू, मान खाली.

"भाभी, काय हे! म्हातारा कुठं परत येतो?"

"येतोय की."

"मी बघून आले काल. आत्यांना घेऊन."

"'आलात?' असं म्हटली का न्हाय ती?"

"म्हटली."

"पाणी घातलं का न्हाय?"

"घातलं."

"मग?"

"मग तिथं कुणी नव्हतं, भाभी. दारात कुणीच नव्हतं."

भाभींचा पाय थांबला. मशीनचं चाक थोडं पुढं गेलं आणि तेही थांबलं. बोळात आकाराम खोकत होते.

"कुणीच न्हवतं?" भाभींनी विचारलं. कुणाच्या तरी जाण्याची खबर विचारावी, तसं.

संयोगिताचं भांडण तिथंच संपलं. पडद्यावर एवढं मोठं मोकळं अंगण, आणि ते भाभींना दिसलं नव्हतं. त्यांनी कडी ऐकली होती, पाणी ऐकलं होतं, पावलं ऐकली होती, आणि त्या आवाजांत एक म्हातारा स्वतःच आणून उभा केला होता.

"वहिनी, जरा सुईत दोरा ओवा," भाभी म्हणाल्या. "माझ्या हाताला तेल हाय."

संयोगिता ओवायला वाकली आणि वाकल्या वाकल्या तिच्या लक्षात आलं, की मागच्या खेपेलाही आपणच दोरा ओवला होता. तेव्हा हाताला पीठ होतं. त्याच्या आधी मेंदी. पलीकडची स्नेहलही परवा म्हणाली होती, भाभींनी मला दोरा ओवायला लावला बाई, हाताला भाजलंय म्हणाल्या. बोळातल्या प्रत्येकीला वाटत होतं, की आपल्यालाच सांगितलं. ब्लाऊजच्या कापडाला जोडीचा दोरा टाचून आणायचा, हा भाभींचा नवा नियमही तिला आठवला. तेव्हा तो शिस्तीचा वाटला होता.

"हात दाखवा," ती म्हणाली.

भाभींनी हात पदराखाली घेतले. मग बाहेर काढले. हात स्वच्छ होते.

"कधीपासून?"

"झालं की बरंच. बाजूबाजूनं अंधार येतोय. थेटरात खेळ सुरू व्हायच्या आधी दिवं मंद करतात बघा, तसा." त्या हसल्या. "मला वाटलं, आता पिक्चर सुरू होणार."

मग सगळं बाहेर आलं. पेठेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं भाभी कुणाला न सांगता जाऊन आल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तो काढता येईल. पण दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. त्यानं जे गेलं ते परत येत नाही. उरलंय ते राखायचं असेल तर उशीर करू नका, घरातलं कुणीतरी माणूस घेऊन या.

"मग?"

"घरात माणूस हाय कुठं आणायला?"

"अझीम आहे की."

"अझीम घरात न्हाय, पुण्यात हाय. अकराव्या मजल्यावर." भाभी मशीनवरून हात फिरवत होत्या. "ते टपूनच बसलंय, वहिनी. अम्मी चल, अम्मी चल. सून बी चांगली हाय, तिच्यावर बोलायला जागा न्हाय. त्यास्नी डोळ्याचं कळलं की मशीन इकून टाकतील. मला नेतील आणि टीव्हीफुडं बसवतील. टीव्हीफुडं! पिक्चरात आई आजारी पडली की लेक गावाला परत येतंय. खऱ्यात आईलाच उचलून नेतात."

"मी येते तुमच्याबरोबर दवाखान्यात."

"याल हो. खरं ऑपरेशन झालं की वाकून काम करू देत न्हाईत. मशीन बंद पडलं की बोळाला कळतंय. बोळाला कळलं की पुण्याला कळाय काय येळ लागतोय?" मग त्यांनी संयोगिताचा हात धरला. "अझीमला सांगायचं न्हाय. घ्या शपथ. अनुजाची घ्या."

आता इथं संयोगितानं म्हणायला हवं होतं, की भाभी, माझी घ्या, नवऱ्याची घ्या, पोरीची नको. पण समोरची बाई आंधळी होत चालली आहे हे कळल्याला पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि अशा वेळी माणूस मागितलं ते देऊन टाकतं. "अनुजाची शपथ," ती म्हणाली आणि घरी आली.

दुसऱ्या दिवशी अनुजाला सर्दी झाली.

संयोगिता शिकलेली होती. शपथेनं सर्दी होत नाही, हे तिला माहीत होतं. शिवाय शपथ अजून मोडली नव्हती. तरीपण तिनं ठरवलं, की नुसत्या विचारानं सर्दी होत असेल तर फोन केल्यावर काय होईल, आणि फोनचा विचार बाजूला ठेवला. त्याऐवजी ती रोज भाभींकडे जाऊन दोरा ओवू लागली. सकाळी भरपूर सुया ओवून ठेवायची, वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी, सुयांच्या छोट्या गादीला टोचून. दवाखान्याचं नाव काढलं की भाभी विषय बदलायच्या. "शपथ सुटली म्हणा एकदा," असं संयोगितानं विनवून पाहिलं. भाभी म्हणाल्या, "सोडाय घातल्या व्हय?"

पुढच्या शुक्रवारी संयोगिता त्यांच्याबरोबर पिक्चरला गेली. रिक्षावाला ओळखीचा होता. मॉलमधल्या सरकत्या जिन्यापाशी भाभी थबकल्या, तिचा दंड धरला आणि म्हणाल्या, "माझं काय न्हाय, तुमास्नी भ्या वाटंल म्हणून."

अंधार झाला आणि संयोगिता त्यांच्या कानात सांगू लागली. आता तो खिडकीशी गेला. आता ती बघतेय त्याच्याकडे. नाही, हसत नाहीये, नुसतं बघतेय. आता रस्ता दाखवतायत. लाल मोटार. शेवट माहीत नसलेला हा तिचा कित्येक वर्षांतला पहिला पिक्चर, पण भ्यायला सवडच झाली नाही. जे दिसतंय ते सांगण्यात ती इतकी गढली, की पुढं काय होणार याचा विचार करायचं राहून गेलं.

"कसं बघतेय?" भाभी विचारायच्या. "रागानं का?"

"नाही. थकल्यासारखी."

"थकल्यासारखी म्हणजे माफ केलंय तिनं."

मागच्या रांगेतून आवाज आला, "ओ पावणं, रेडिओ बंद करा की जरा! आमास्नीबी डोळं हाईत."

"हाईत तर बघा की गप!" भाभी मागं न वळता म्हणाल्या. मध्यंतरात तो माणूस वळसा घालून आला, भाभींकडे एकदा नीट बघितलं, आणि पॉपकॉर्नचा पुडा त्यांच्या मांडीवर ठेवून गेला. "काय दिलं त्यानं?" भाभींनी विचारलं. संयोगितानं सांगितलं. "पिक्चरात न्हाय असं कोण करत," भाभी म्हणाल्या आणि खाऊ लागल्या.

पिक्चर संपला. लोक उठले. पायऱ्यांच्या कडेला बारीक दिवे होते, ते संयोगिताला पुरेसे होते. ती पर्स उचलायला खाली वाकली तेवढ्यात भाभी पुढं निघाल्या. पायऱ्या संपल्या असं वाटून त्यांनी पुढच्या जमिनीवर पाऊल टाकलं, आणि तिथं जमीन नव्हती. आणखी एक पायरी होती. त्या खाली बसल्या. आपटल्या म्हणावं तर तसं दिसलं नाही. साडी नीट करत, जसं काही बसायचंच होतं, तशा बसल्या.

"लागलं का?"

"लागायला काय झालंय? बसले जरा." मग हळू आवाजात, "लोक गेले काय सगळे?"

"गेले."

"मग उठवा मला."

रिक्षात भाभींनी संयोगिताचा हात सोडला नाही. बोळाच्या तोंडाशी उतरताना भाभींनी रिक्षावाल्याला आठवणीनं पैसे दिले आणि त्या संयोगिताला म्हणाल्या, "एवढं तेवढं कुणाला सांगू नका."

म्हणजे आता दुसरी गोष्ट न सांगायची झाली.

त्या संध्याकाळी संयोगितानं मोबाईलमध्ये अझीमचा नंबर काढून पाहिला. तो त्यानंच दिला होता, गेल्या ईदला. शिरखुर्मा द्यायला म्हणून घरी आला होता, आणि जाताना चप्पल घालता घालता म्हणाला होता, "काकी, अम्मी मला काय सांगत नाही. विचारलं की पिक्चरच्या गोष्टी सांगत बसते. काय कमीजास्त झालं तर तुम्ही सांगाल ना?" आणि संयोगिता म्हणाली होती, "सांगते की, हे काय बोलणं झालं!" ती शपथ नव्हती. पण शब्द होता, आणि तो आधीचा होता.

"आई, कुणाचा नंबर बघत बसलीयेस?" अनुजानं विचारलं. सर्दी बरी झाली होती.

संयोगितानं तिला सगळं सांगून टाकलं. अझीमला सांगायचं नाही अशी शपथ होती, अनुजाला सांगायचं नाही अशी नव्हती.

अनुजा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे माझी शपथ घातली?"

"हो."

"मला विचारलं होतं का?"

"शपथ घालताना विचारतात का कधी?"

"का न्हाय? मरणार कोण? मी. मग मला नको विचारायला?" पोरगी इंजिनिअरिंगला होती, तिला अशा गोष्टी सोडवायची सवय होती. "माझी शपथ हाय, मी सोडते. सुटली. झालं?"

"असं नसतं गं."

"मग कसं असतं? दाखव कुठं लिहिलंय." आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "आई, उद्या तुझे डोळे गेले, आणि इथल्या कुणाला तरी ठाऊक असून मला सांगितलं नाही, तर मी त्या बाईचं काय करीन माहितीये?"

संयोगिताला ते माहीत होतं. पोरगी तिच्यावरच गेली होती.

आतून चिमणाबाई म्हणाल्या, "कर जा फोन. पर पाठीमागनं करू नगंस. तिच्या तोंडावर कर."

हे संयोगिताला सगळ्यांत अवघड वाटलं, आणि म्हणूनच बरोबर वाटलं. चोरून फोन केला असता तर भाभींना कळेपर्यंतचा प्रत्येक दिवस काळजीत गेला असता, आणि कळल्यानंतरचा प्रत्येक दिवस त्याहून वाईट. शिवाय अझीमला काय सांगायचं तेही भाभींनी ऐकायला हवं होतं. आईला घेऊन जा असं ती सांगणार नव्हती. तू रजा घेऊन इकडे ये, ऑपरेशन इथंच करू, डोळ्यांत औषध मी घालीन, मशीनला हात लावायचा नाही, असं सांगणार होती. तो ऐकेल का, हे तिला ठाऊक नव्हतं. भाभी यापुढं आपल्याशी बोलतील का, हेही ठाऊक नव्हतं. शेवट काय ते विचारायला आता कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, बायका यायच्या आधी, भर दुपारी ती भाभींकडे गेली. स्टूल ओढून समोर बसली. गादीवर ओवलेल्या सुया मोजक्याच उरल्या होत्या, रिकाम्या तिनं आधी ओवून घेतल्या.

"भाभी, मी अझीमला फोन करणार आहे. इथं बसून. तुमच्यासमोर."

भाभींनी मान वर केली नाही. "आणि शपथ?"

"अनुजानं सोडली."

"तिनं? असं चालतंय व्हय?"

"चालवायचं."

"उद्या तुमच्या पोरीला काय झालं म्हणजे?"

"होऊ दे. म्हणजे, नको होऊ दे. पण फोन करणार आहे."

भाभींनी मशीन चालू केलं. जोरात. नुसतंच, कापड न घालता. टकटकटकटक सुई रिकाम्या जागी वर-खाली होत होती. संयोगितानं अझीमला काय सांगायचं ते सगळं त्या आवाजातच सांगितलं. रजेचं, ऑपरेशनचं, मशीनला हात न लावायचं. ऐकू गेलं का नाही, कळायला मार्ग नव्हता. काल थिएटरात काय झालं तेही सांगणार आहे, असं ती म्हणाली, तेव्हा मशीनचा वेग वाढला. मग कमी झाला. मग थांबलं.

"आत्ता नका लावू," भाभी म्हणाल्या. अजून खालीच बघत होत्या. "ह्या टायमाला जेवाय बसतंय ते. घास घशात अडकंल त्याच्या. अर्ध्या तासानं लावा."

अर्ध्या तासात भाभी फोन करू नका म्हणून आपलं मन पार वळवतील, हे संयोगिताला पक्कं ठाऊक होतं. तिनं लगेच, तिथंच बसून नंबर लावला.